दोनदा बोलणारी पीडीएफ

वीकांताला दहाच्या आत उठायचं नाही हा नोकरीला लागल्यापासूनचा माझा नियम. तो नियम मोडण्याचा हक्क फक्त दोघांना आहे, हापिसातल्या प्रॉडक्शन सर्व्हरला आणि मामाला. परवाच्या शनिवारी सव्वासातला फोन वाजला. मामा.

"झोपला होतास का?"

"नाही रे मामा, बोल ना." (साफ खोटं.)

"तू ते कॉम्प्युटरचं करतोस ना, मग मला एक सांग. आमच्या संघटनेची पुस्तिका मला सगळं दोनदा का वाचून दाखवते?"

आधी मामाबद्दल सांगायला हवं. मामा बँकेत होता, तीसेक वर्षं. काचबिंदूनं हळूहळू नजर नेली आणि निवृत्तीच्या थोडं आधी ती जवळजवळ संपलीच. पहिली दोन वर्षं वाईट गेली. पेपर मामी वाचून दाखवायची, बँकेची पत्रं शेजारचा मुलगा. मग कुणीतरी त्याला एनव्हीडीए शिकवलं. हा फुकट मिळणारा, मुक्तस्रोत स्क्रीन रीडर. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला. स्क्रीनवर जे असेल ते हा बोलून दाखवतो, मराठीतसुद्धा. आवाज अगदी रोबोटसारखा आहे, पण मामा तो इतक्या वेगानं ऐकतो की मला एक शब्द कळत नाही. तेव्हापासून मामा स्वतःचे पेपर स्वतः वाचतो आणि मामीशी राजकारणावर पूर्वीसारखा भांडतो. थोडक्यात, घर पूर्वपदावर आलं. :-)

तर ही पुस्तिका म्हणजे त्याच्या निवृत्त कर्मचारी संघटनेची गटविम्याची माहिती. चोवीस पानं. हप्ता किती, कुठली हॉस्पिटलं, क्लेमचा फॉर्म कसा भरायचा, नूतनीकरणाची शेवटची तारीख काय. कार्यकारिणीतल्या एका भल्या माणसानं आग्रह धरला होता की ज्यांना दिसत नाही अशा सभासदांनाही वाचता येईल अशी पीडीएफ काढायची. आणि ती तशी काढलीही होती.

मी म्हटलं, "दोनदा वाचतंय ना? कंटाळवाणं आहे, पण चालवून घे आज. उद्या बघतो." (डोळ्यांवर झोप होती, काय करणार!)

मामा म्हणाला, "दोनदा ऐकायला माझी हरकत नाही रे. हे दोन वेगवेगळं ऐकवतंय. एकदा म्हणतं शेवटची तारीख १५, लगेच म्हणतं ३१. मी हापिसात फोन केला तर तिथला माणूस म्हणतो, काका, पानावर एकच तारीख आहे, ३१. तुमचं मशीन चुकतंय."

झोप उडाली.

फाईल मागवून घेतली. उघडली. खरंच, पानावर एकच तारीख. ३१. निळ्या पट्टीत, ठसठशीत. मी माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए चालू केलं, त्या पानावर गेलो आणि तो रोबोट बोलला, "शेवटची तारीख १५. शेवटची तारीख ३१." म्हणजे मामाचं मशीन चुकत नव्हतं. मामापण चुकत नव्हता. चुकत होतो आपण, डोळेवाले.

हे असं का होतं ते समजायला पीडीएफच्या पोटात थोडं डोकवावं लागेल. भिऊ नका, फार खोल नाही जाणार.

पीडीएफ १९९३ साली आली तेव्हा तिचं काम एकच होतं. कुठल्याही मशीनवर, कुठल्याही प्रिंटरवर पान जसंच्या तसं दिसलं पाहिजे. त्यामुळे तिच्या आत परिच्छेद, मथळा असलं काही नसतं. असते ती चित्र काढायची सूचनावली: या जागी हे अक्षर ठेव, तिथे निळी पट्टी भर, त्यावर पांढरी चौकट काढ. एकावर एक, रंगारी रंग लावतो तसं. वरचा थर खालच्याला झाकतो. पण झाकतो म्हणजे पुसत नाही! खालचं अक्षर फाईलमध्ये तसंच असतं.

याची भलीमोठी किंमत लोकांनी मोजलेली आहे. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनफर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात एक कागद दाखल केला. गोपनीय ओळींवर काळ्या पट्ट्या मारलेल्या होत्या. पत्रकारांनी त्या पट्ट्यांवरून माउस फिरवला, कॉपी केलं, दुसरीकडे पेस्ट केलं, आणि खालचा मजकूर सगळ्या जगानं वाचला. पट्टी डोळ्यांपुरती होती.

पुढे २००१ मध्ये पीडीएफच्या १.४ आवृत्तीत टॅगची सोय आली. म्हणजे त्या चित्राच्या सूचनावलीसोबत एक झाडासारखी रचना ठेवायची: हा मथळा, हा परिच्छेद, हा तक्ता, हे चित्र आणि त्याचं वर्णन हे. स्क्रीन रीडर चालतो तो या झाडावरून. जे नुसतं सजावटीचं आहे (रेषा, पट्ट्या, प्रत्येक पानावर येणारं शीर्षक) त्यावर 'आर्टिफॅक्ट' असा शिक्का मारायचा, मग स्क्रीन रीडर त्याच्याकडे बघत नाही. आणि टॅग केलेलं सगळं तो वाचतो. वर काही झाकलंय का, हे त्याला माहीत नसतं. तो बिचारा पान बघतच नाही.

आता पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इनडिझाइनमधून, 'टॅग्ड पीडीएफ' अशी खूण करून फाईल बाहेर काढली की पानावरच्या प्रत्येक टेक्स्ट फ्रेमला टॅग मिळतो. दोन फ्रेम एकावर एक असतील तर दोन टॅग. सॉफ्टवेअरला कसं कळणार की त्यातली एक तुम्ही नुसती सावली म्हणून ठेवलीत?

चहा घेऊन मी तपासायला बसलो. पहिला प्रश्न असा की मजकूर फाईलमध्येच दोनदा आहे, की आहे एकदाच पण बोलला जातोय दोनदा? याला सोपी युक्ती आहे. पूर्ण पान सिलेक्ट करा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथेही दोनदा आलं तर मजकूर खरोखर दोन वेळा आहे. तिथे एकदाच आलं आणि स्क्रीन रीडर मात्र दोनदा बोलतोय, तर गडबड पर्यायी वर्णनात असणार. (मराठीत नोटपॅडमध्ये वेलांट्या इकडेतिकडे उडालेल्या दिसतील. घाबरू नका, तो वेगळा आजार आहे.) एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत 'स्पीच व्ह्यूअर' नावाची खिडकी आहे, त्यात तो जे बोलतो ते लिहून येतं. माझ्यासारख्या वेगात ऐकता न येणाऱ्यांची सोय. :-)

मग अॅक्रोबॅटमध्ये टॅगचं झाड उघडलं आणि एकेक फांदी उलगडत गेलो. एकच रोग असेल असं वाटलं होतं. निघाले पाच.

पहिला: मथळ्यांची सावली. निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं, खाली किंचित सरकवलेली काळी अक्षरं. सावली म्हणून मथळ्याची सरळ कॉपी करून खाली ठेवलेली. दिसायला झकास. ऐकायला "क्लेम कसा करावा, क्लेम कसा करावा". अंध वाचक मथळ्यांची यादी काढून हव्या त्या भागावर उडी मारतो, आपण अनुक्रमणिका बघतो तसं. त्या यादीतही सगळं दोन-दोनदा.

दुसरा: खोटा बोल्ड. निवडलेल्या देवनागरी फॉन्टला बोल्ड वजनच नव्हतं. मग उपशीर्षकं ठळक दिसावीत म्हणून तीच ओळ पाव पॉइंट सरकवून पुन्हा वर ठेवलेली. हा प्रकार फार जुना आहे. मी हापिसात जी अपाची पीडीएफबॉक्स ही जावा लायब्ररी वापरतो तिच्यात एकमेकांवर पडलेला दुहेरी मजकूर गाळायचं चक्क एक सेटिंगच आहे, कारण काही प्रोग्रॅम बोल्ड दिसावं म्हणून एकच अक्षर अनेकदा छापतात. प्रोग्रॅमरची सोय झाली. पण मामाच्या स्क्रीन रीडरला ते सेटिंग कोण लावून देणार?

तिसरा मजेशीर होता. प्रत्येक पानाच्या डोक्यावर संघटनेचं नाव होतं. चोवीसपैकी पंधरा पानांवर स्क्रीन रीडर ते वाचत नव्हता (बरोबर), नऊ पानांवर वाचत होता. असं अर्धवट वागणं दिसलं की कुठल्याही इंजिनिअरचे कान टवकारतात. कारण असं की मास्टर पेजवरच्या (आता त्याला पेरेंट पेज म्हणतात) वस्तू इनडिझाइन आपोआप सजावटीत टाकतं. पण त्या नऊ पानांवर मोठे तक्ते होते, आणि जागा करायला ते शीर्षक त्या पानापुरतं सोडवून वर सरकवलेलं होतं. सोडवलं की ती वस्तू मास्टरची राहत नाही, त्या पानाचा मजकूर होते. आणि मग वाचली जाते, बऱ्याचदा एखाद्या वाक्याच्या ऐन मध्ये.

चौथा: पहिल्या पानावरचं बोधचिन्ह. त्याच्या पर्यायी वर्णनात संघटनेचं पूर्ण नाव, आणि शेजारी छापील अक्षरांतही तेच पूर्ण नाव. हा नोटपॅडमध्ये न दिसणारा प्रकार. कुणीतरी चांगल्या हेतूनं वर्णन लिहिलं होतं. फक्त चित्राशेजारी काय छापलंय ते बघून लिहिलं नव्हतं.

आणि पाचवा, १५ तारीख. पांढऱ्या चौकटीखाली जुनी फ्रेम जिवंत. वर नवीन.

पहिले चार म्हणजे कटकट. पाचवा म्हणजे धोका. मी आधी एक छोटं पायथनचं स्क्रिप्ट लिहिलं होतं, मजकूर काढून घ्यायचा आणि लागोपाठच्या सारख्या ओळी शोधायच्या. त्यानं सावल्या पकडल्या, खोटा बोल्ड पकडला. तारीख नाही पकडली. कारण उघड आहे, त्या दोन ओळी सारख्या नव्हत्याच! जो दुहेरीपणा सर्वांत घातक, तोच यंत्राला दुहेरी वाटत नाही.

दुपारी मामाकडून डीटीपीवाल्या ताईंचा नंबर घेतला आणि त्यांच्याकडे गेलो. एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर एक खोली, दोन कॉम्प्युटर, लग्नपत्रिकांचे नमुने टांगलेले. मनात थोडा राग घेऊनच गेलो होतो. पण त्यांनी काम बाजूला ठेवून माझं सगळं ऐकून घेतलं. मी लॅपटॉपवर त्यांना त्यांचीच पुस्तिका ऐकवली. पहिल्या मथळ्याला त्या हसल्या. तारखेला हसायच्या थांबल्या.

"अहो, पण ती तर मी झाकलीय."

"झाकली, पण काढली नाही ना ताई."

"काढू कशी? रात्री नऊला फोन आला की १५ नको, ३१ करा. त्याच्या आदल्या दिवशी ३१ ची १५ केली होती. परत १५ म्हणाले तर? म्हणून ठेवून दिली खाली."

यावर मला काही बोलता येईना. कारण हेच मी रोज करतो. जुना कोड पुसायचा नाही, समोर दोन तिरक्या रेघा मारून कॉमेंट करून ठेवायचा, 'लागला तर'. आमच्या प्रोजेक्टमध्ये असा 'लागला तर'वाला कोड ढिगानं पडलाय. फरक इतकाच की कॉमेंट केलेला कोड चालत नाही. पीडीएफमधली झाकलेली फ्रेम मात्र चालते, तिला फक्त कान असलेला माणूस भेटावा लागतो.

आणखी एक. ताईंना पानामागे पैसे मिळतात. टॅग, वाचनक्रम, पर्यायी वर्णनं यांचे वेगळे कुणी देत नाही. त्या दोन वर्षांपूर्वी स्वतःहून युनिकोडवर आल्या, म्हणून निदान पुस्तिका मराठीत बोलत तरी होती. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात केली असती तर मामाला इंग्रजी अक्षरांचा चिवडा ऐकावा लागला असता. तेव्हा ताईंवर खापर फोडणं सोपं आहे, पण बरोबर नाही.

मग दोघांनी मिळून दुरुस्ती केली. इथे मला ठामपणे एक सांगायचंय, कारण जालावर बऱ्याच ठिकाणी उलटा सल्ला दिसतो. दुरुस्ती पीडीएफमध्ये करू नका, मूळ फाईलमध्ये करा. अॅक्रोबॅटमध्ये नको असलेला टॅग आर्टिफॅक्ट करून टाकता येतो, पाच मिनिटांचं काम. पण उद्या एक फोन नंबर बदलला आणि नवीन पीडीएफ काढली की तुमची पाच मिनिटं पाण्यात. आमच्याकडे याला प्रॉडक्शनवर जाऊन पॅच मारणं म्हणतात आणि ते करणाऱ्याला सोमवारी शिव्या बसतात.

मूळ फाईलमध्ये काय केलं? सावलीच्या कॉपी उडवून इफेक्टमधली ड्रॉप शॅडो दिली. मजकूर एकच राहतो, सावली चित्र म्हणून बाहेर पडते. खोट्या बोल्डसाठी फॉन्टच बदलला. मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखे फुकट मिळणारे फॉन्ट आहेत, त्यांना खरं बोल्ड वजन आहे. नऊ पानांवरची शीर्षकं पुन्हा मास्टरच्या ताब्यात दिली आणि तक्ते जरा खाली घेतले. बोधचिन्हाला ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट ऑप्शन्समध्ये जाऊन आर्टिफॅक्ट केलं, कारण नाव शेजारी लिहिलेलंच आहे.

झाकलेल्या फ्रेम शोधायला लेअर्स पॅनेल उपयोगी पडतं. लेअरच्या नावापुढचा बाण दाबला की पानावरच्या सगळ्या वस्तूंची यादी उघडते, आणि टेक्स्ट फ्रेम असेल तर तिच्यातले सुरुवातीचे शब्द दिसतात. डोळ्यांना पानावर न दिसणारं काही या यादीत दिसलं की समजायचं, इथे भूत आहे. चोवीस पानांत अजून दोन भुतं निघाली. एक होतं जुना हप्ता. दुसरं, एका हॉस्पिटलचा बदललेला फोन नंबर. रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून कुणी तो नंबर ऐकून फिरवला असता तर? ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी दोन्ही फ्रेम उडवल्या आणि सेव्ह केलं.

"आणि परत १५ म्हणाले तर?" मी विचारलं.

"जुनी फाईल वेगळ्या नावानं ठेवीन," त्या म्हणाल्या. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा यांत मी व्हर्जन कंट्रोलबद्दल जे शिकलो ते एका वाक्यात. :-)

आता माझं मत. (इतकं पुराण त्यासाठीच लावलं.)

अशी पीडीएफ 'अॅक्सेसिबल' आहे की नाही हे तपासायला सॉफ्टवेअर मिळतात. त्यांच्यामागे पीडीएफ/यूए नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१२ सालचं. ते कसं तपासायचं याची पीडीएफ असोसिएशननं एक यादी केली, तिला मॅटरहॉर्न प्रोटोकॉल म्हणतात. चुकीच्या १३६ शक्यता त्यात मोजल्या आहेत. त्यांतल्या ८७ यंत्र एकटं तपासू शकतं. ४७ ठिकाणी साधारणपणे माणूस लागतो. म्हणजे ज्यांनी ही यादी केली त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काम यंत्राचं नाही. पण व्यवहारात काय होतं? सॉफ्टवेअरनं हिरवी खूण दिली की फाईल पास. आमच्या त्या पुस्तिकेला सावलीच्या मथळ्यांवर एकही लाल खूण नव्हती. का असेल? प्रत्येक कॉपीला नीट टॅग होता ना! नियमाप्रमाणे दोन्ही मथळे चोख. दोन आहेत हाच प्रॉब्लेम आहे, हे यंत्राला कोण सांगणार?

कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ई-केवायसीच्या प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. चांगलंच आहे. कायदा हवाच. पण मला भीती वाटते ती अशी की आपण कायद्यालासुद्धा हिरव्या खुणेनंच उत्तर देऊ. रिपोर्ट जोडला, फाईल बंद.

माझं म्हणणं साधं आहे. पुस्तिका बाहेर पाठवायच्या आधी एका माणसानं ती एकदा ऐकावी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, स्क्रीन बंद करून. चोवीस पानांना तासभर लागेल. छपाईच्या आधी आपण प्रूफ वाचतोच की नाही? हे ऐकायचं प्रूफ. एनव्हीडीए फुकट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण चालणार नाही. आणि त्या तासाचे पैसे डीटीपीवाल्याला द्यावेत, हेही त्यातच आलं. संघटनेनं पीडीएफ 'तशी' काढायचा ठराव केला होता, ऐकायचा केला नव्हता.

कुणी म्हणेल, अंध सभासद असे किती, त्यांना फोन करून सांगता येईल. येईल ना. पण मामानं फोन केलाच होता. त्याला उत्तर काय मिळालं? 'तुमचं मशीन चुकतंय.'

खरं सांगू, सगळ्या प्रकारात हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, आणि त्याचं कारण मामा नाही. आमच्या हापिसात बग आला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, 'माझ्या मशीनवर तर चालतंय'. तिकिटावर 'पुन्हा घडवता आलं नाही' असा शेरा मारायचा आणि बंद करायचं. मी अशी किती तिकिटं बंद केली असतील देव जाणे. गेल्याच वर्षी एका वापरकर्त्यानं लिहिलं होतं की फॉर्म भरताना रक्कम दोनदा ऐकू येते. 'दोनदा दिसते' नव्हतं लिहिलं, 'ऐकू येते' लिहिलं होतं. मी स्क्रीन बघितली, रक्कम एकदाच होती, शेरा मारला. ऐकू येते या शब्दाकडे माझं लक्षही गेलं नाही.

मामाची तक्रार म्हणजे नमुनेदार बग रिपोर्ट होता. कुठलं पान, काय अपेक्षित, काय घडलं, सगळं नीट. समोरच्यानं फक्त एवढंच मानायचं होतं की पान म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढंच नसतं. ते त्याला जमलं नाही. मला पगार मिळतो तरी मला जमलं नाही.

संध्याकाळी नवीन फाईल मामाला पाठवली. तासाभरानं फोन आला.

"झालं रे. सगळं एकदाच बोलतंय. तारीख ३१."

"चला, बरं झालं."

"बरं झालंच. पण एक सांगू? त्या दोन दिवसांत मी पुस्तिका शेजारच्या पोराकडून परत पूर्ण वाचून घेतली. म्हटलं, तारीख दोन सांगतंय तर बाकीचं तरी खरं कशावरून? आठ वर्षांनी पहिल्यांदा." थोडा थांबून म्हणाला, "तारखेचं नाही रे मला काही वाटलं. याचं वाटलं."

यावर मी काय बोलणार? उगीच "हं" म्हणालो आणि मामी कशी आहे विचारलं.

असो. सोमवारी हापिसात गेल्यावर ते जुनं तिकीट पुन्हा उघडायचं आहे. इथे टंकून ठेवतोय म्हणजे टाळता येणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणी सोसायटीचं, संघटनेचं, कंपनीचं काही पत्रक पीडीएफमध्ये काढत असाल, तर पाठवायच्या आधी एकदा लॅपटॉपची स्क्रीन खाली करा आणि ऐका. एखादं भूत निघालं तर मला जरूर कळवा.